अभियांत्रिकी प्रकल्प-अहवाल : रचना आणि भाषा

अभियांत्रिकी पदवीच्या अंतिम वर्षास असलेल्या विद्यार्थ्यास प्रकल्प-अहवाल लिहावा लागतो. तीन-चार विद्यार्थ्यांचा गट वर्षभर एखादे साधन घडवितो, त्याची चाचणी घेतो आणि वर्षाच्या अखेरीस झालेल्या कामाचा वृत्तांत बांधून विभागाकडे सुपूर्द करतो. सामान्यतः या अहवालाकडे दोन दृष्टींनी पाहिले जाते. विद्यार्थ्यास तो परीक्षेचा एक सोपस्कार वाटतो. विभागास तो समास, ओळींतील अंतर, अक्षरांचा आकार आणि पृष्ठांची संख्या यांविषयीच्या नियमांचे पालन झाले की नाही, एवढे तपासण्याचा विषय वाटतो. अहवाल हा मुळात एक भाषिक व्यवहार आहे, ही गोष्ट या दोन्ही दृष्टींतून निसटते. म्हणूनच सर्व नियम पाळलेला, सोनेरी अक्षरांत नाव छापलेला आणि तरीही कोणासच उपयोगी न पडणारा अहवाल निर्माण होऊ शकतो. अहवालाची मांडणी ही शोभेची बाब नसून कामाच्या खरेपणाची कसोटी कशी आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

या विवेचनास अहिल्यानगर जिल्ह्याचे, म्हणजे 2024 पर्यंत अहमदनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याचे, उदाहरण सोयीचे आहे. लोणी, संगमनेर आणि कोपरगाव येथील अभियांत्रिकी महाविद्यालये 1983 साली स्थापन झाली. पहिली दोन गावे प्रवरेच्या खोऱ्यात, तर तिसरे गोदावरीच्या काठी. तिन्ही ऊस, कालवे आणि सहकारी साखर कारखाने यांच्या प्रदेशात. प्रवरेवरील भंडारदरा धरण 1926 मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम 1950-51 मध्ये पार पडला. अशा भूमीत पाणी, पंप, ठिबक आणि माती हे विषय विद्यार्थ्यास पुस्तकातून शिकावे लागत नाहीत. ते त्याच्या घरचेच असतात. परंतु घरचा विषय शास्त्राच्या भाषेत मांडताना काय मिळते आणि काय हरवते, हे पाहण्यासारखे आहे.

1. अहवाल कोणासाठी?

मार्गदर्शक प्राध्यापकांनी काम चालू असताना पाहिलेले असते. बाह्य परीक्षक साधन समोर ठेवून प्रश्न विचारू शकतात. या दोघांना अहवालात राहिलेली उणीव तोंडी भरून काढता येते. अहवालाचा खरा वाचक हा तिसराच असतो : जो कामाच्या वेळी उपस्थित नव्हता आणि ज्यास लेखकास काही विचारण्याची सोय नाही. पुढील वर्षीचा विद्यार्थिगट हा असा वाचक आहे. ते साधन आपल्या शेतात बसविण्याचा विचार करणारा शेतकरीही, प्रत्यक्षात वा दुसऱ्याच्या मुखाने, असाच वाचक आहे. बोलण्यात प्रसंग, हावभाव आणि ऐकणाऱ्याची शंका यांचे साहाय्य असते. लेखनात ते नसते. त्या अनुपस्थित साहाय्याची जागा रचनेने भरून काढावयाची असते. अहवालाचे प्रत्येक प्रकरण हे त्या अपरिचित वाचकाच्या एका संभाव्य प्रश्नास दिलेले उत्तर होय.

2. शास्त्रग्रंथांची पद्धती

ही जाणीव आपल्याकडे नवीन नाही. संस्कृत शास्त्रग्रंथाच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगण्याचा प्रघात होता : ग्रंथाचा विषय कोणता, प्रयोजन काय, ग्रंथाचा व विषयाचा संबंध कोणता आणि तो वाचण्यास अधिकारी कोण. आजच्या अहवालातील प्रस्तावनेने याच चार प्रश्नांची उत्तरे द्यावयाची असतात. मीमांसकांनी एकेका वादविषयाची मांडणी विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धांत आणि संगती अशा पाच अंगांनी केली. पूर्वी झालेल्या कामाचा आढावा हा अहवालातील पूर्वपक्ष होय. त्यातून संशय उत्पन्न झाला नाही, म्हणजे आधीच्या कामात काय अपुरे राहिले हे दिसले नाही, तर तो आढावा केवळ नावांची यादी ठरतो. ग्रंथाचे तात्पर्य ठरविताना मीमांसक सर्वांत आधी उपक्रम आणि उपसंहार यांची एकवाक्यता पाहत. प्रस्तावनेतील उद्दिष्टे आणि अखेरचे निष्कर्ष शेजारी ठेवून वाचणे, ही अहवालाची पहिली परीक्षा आजही तीच आहे. चार उद्दिष्टे आणि सात निष्कर्ष असतील, तर तीन निष्कर्ष कोठून आले हे विचारावयास हवे.

तथापि येथे एक भेदही ध्यानात ठेवला पाहिजे. शास्त्रग्रंथात सिद्धांत युक्तिवादाने स्थापन होतो. अभियांत्रिकी अहवालात तो मोजमापाने स्थापन होतो. म्हणून पूर्वपक्ष आणि सिद्धांत यांच्यामध्ये आधुनिक अहवालास एक निराळे प्रकरण लागते : कार्यपद्धती. प्रस्तावना, पद्धती, फलिते आणि चर्चा हा चार भागांचा आकृतिबंध विसाव्या शतकात शास्त्रीय नियतकालिकांतून रूढ झाला. त्यातील पद्धती हा भाग वाचकास लेखकावर विश्वास ठेवण्याच्या सक्तीतून मुक्त करतो. वाचक म्हणू शकतो : हे असेच करून पाहू, आणि तेच उत्तर येते का ते ठरवू.

3. एक उदाहरण : ओलाव्याची टक्केवारी

समजा, संगमनेर परिसरातील चार विद्यार्थ्यांनी जमिनीतील ओलावा पाहून पंप आपोआप चालू व बंद करणारे साधन बनविले. जमिनीत दोन धातूंच्या पट्ट्या रोवावयाच्या, त्यांच्यामधील विद्युत्-रोध मोजावयाचा आणि ओलावा ठरावीक मर्यादेखाली गेला की पंप सुरू करावयाचा, अशी ही योजना. अहवालातील फलितांच्या कोष्टकात एक नोंद आढळते : ओलावा 62 टक्के.

ही संख्या कोठून आली? स्वस्त सूक्ष्म-नियंत्रकावर येणारे वाचन बहुधा 0 ते 1023 या पट्टीवर असते आणि या प्रकारच्या जोडणीत माती जितकी ओली तितके ते कमी येते. वाचन 388 असता 1023 मधून 388 वजा करून उरलेल्या 635 ची टक्केवारी काढली की 62 येते. म्हणजे ही टक्केवारी पाण्याची नसून पट्टीची आहे.

आता त्याच मातीचा नमुना भट्टीत वाळवून पाहिला असे समजू. भारतीय मानक 2720 च्या दुसऱ्या भागात (1973) मातीतील पाण्याचे प्रमाण काढण्याची जी प्रमाणपद्धती दिली आहे, तीत माती 105 ते 110 अंश सेल्सिअसला, वजन स्थिर होईपर्यंत वाळवितात. 125 ग्रॅम ओली माती वाळून 100 ग्रॅम झाली, तर पाणी 25 ग्रॅम. कोरड्या वजनाच्या आधाराने ओलावा 25 टक्के झाला. ओल्या वजनाच्या आधाराने तोच 20 टक्के. आणि कोरड्या मातीची स्थूल घनता दर घन सेंटिमीटरला 1.2 ग्रॅम धरल्यास घनफळाच्या आधाराने 30 टक्के. एकच माती, एकच क्षण, आणि 20, 25, 30 व 62 अशा चार टक्केवाऱ्या. यांपैकी पहिल्या तीन संख्या, आधार सांगितला तर, एकमेकींत रूपांतरित होतात. चौथी कशातच रूपांतरित होत नाही, कारण तिला आधारच नाही.

हा दोष यंत्राचा नव्हे. पट्टीवरील वाचने आणि भट्टीत मिळालेली प्रमाणे यांचा आलेख काढून यंत्राचे अंशांकन केले असते, तर 388 या वाचनासही अर्थ प्राप्त झाला असता. दोष मांडणीत लपला. कार्यपद्धतीच्या प्रकरणात 'अंशांकन' असे उपशीर्षक ठेवण्याची शिस्त असती, तर त्याखाली लिहिण्यास काही नाही हे विद्यार्थ्यांच्या वेळीच लक्षात आले असते. रिकामे राहिलेले उपशीर्षक हा रचनेने दिलेला इशारा होय.

या इशाऱ्याचे मोल केवळ गुणांपुरते नाही. कालव्याच्या पाण्याखालील प्रदेशात दीर्घकाळ अति पाणी दिल्याने काही जमिनी खारवट व चोपण झाल्या आहेत. क्षारांमुळे मातीची विद्युत्-वाहकता वाढते आणि रोध मोजणारे साधन खारवट कोरड्या मातीलाही ओली समजते. परिणामी पंप सुरू होत नाही आणि पीक वाळते. उलटपक्षी, पट्ट्यांतून एकाच दिशेचा प्रवाह सतत वाहिल्यास त्या झिजतात आणि काही काळाने ओली मातीही कोरडी दिसू लागते. मग पंप थांबत नाही आणि जमीन अधिकच बिघडते. काळ्या जमिनीस भेगा पडतात, पट्टी व माती यांच्यात पोकळी राहते, आणि वाचन पुन्हा चुकते. नमुना कोणत्या शेतातील, किती खोलीवरून घेतला, मातीची वाहकता किती, पट्ट्या किती दिवस जमिनीत होत्या, या नोंदी अहवालात असतील तर पुढील गट येथून पुढे जाईल. नसतील तर तो पुन्हा आरंभापासून सुरुवात करील आणि तीच चूक नव्या मुखपृष्ठाखाली सादर करील. राहुरीस कृषी विद्यापीठ असलेल्या जिल्ह्यात मृद्परीक्षणाची कल्पना विद्यार्थ्यास अपरिचित नसते. उणीव असते ती तिला अहवालात जागा करून देण्याची.

4. भागांचा अनुक्रम

अहवालाचे भाग कोणत्या क्रमाने यावेत हे बहुतेक संस्था ठरवून देतात. प्रत्येक भाग कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे समजल्यास तो क्रम पाठ करावा लागत नाही.

मुखपृष्ठ व प्रमाणपत्र : हे काम कोणी, कोठे, केव्हा आणि कोणाच्या देखरेखीखाली केले?

सारांश : एकच पृष्ठ वाचणाऱ्यास काय कळावे? समस्या, पद्धती, मुख्य फलित आणि मर्यादा या चारही गोष्टी त्यात, शक्य तेथे संख्यांसह, आल्या पाहिजेत. सारांश आरंभी छापला जातो. पण तो लिहावयाचा सर्वांत शेवटी.

अनुक्रमणिका आणि आकृत्या, कोष्टके व चिन्हे यांच्या सूची : हवी ती गोष्ट कोठे सापडेल, आणि या अहवालात एखाद्या चिन्हाचा अर्थ काय?

प्रस्तावना : प्रश्न कोणता व कोणाचा?

पूर्वकार्याचा आढावा : इतरांनी कोठवर मजल मारली आणि काय उरले?

कार्यपद्धती : नेमके काय केले? हे प्रकरण वाचून दुसऱ्यास तेच काम करता आले पाहिजे.

फलिते : काय दिसले? येथे अर्थ लावू नये.

चर्चा : जे दिसले ते तसे का, आणि अपेक्षेपेक्षा निराळे का? अपयशाचे हक्काचे स्थान हेच.

निष्कर्ष : प्रस्तावनेतील प्रश्नाचे उत्तर काय मिळाले?

संदर्भसूची व परिशिष्टे : आधार कोणता? मंडलाची आकृती, आज्ञावली, मूळ वाचने आणि अंशांकनाचे कोष्टक ही परिशिष्टात असावीत.

फलिते आणि चर्चा यांची गल्लत हा नेहमी आढळणारा दोष आहे. 'साधन अत्यंत कार्यक्षम ठरले' हे वाक्य फलितांत बसत नाही, कारण ते निरीक्षण नसून मत आहे. आणि ज्या संख्येवर ते उभे आहे ती दिली नसेल, तर ते चर्चेतही बसत नाही.

5. प्रयोग आणि काळ

अहवालाच्या भाषेत कर्ता लपविण्याकडे कल असतो. शास्त्र व्यक्तिनिरपेक्ष असावे, या योग्य अपेक्षेतून हा कल निर्माण झाला. परंतु त्याचा एक दुष्परिणाम होतो. मराठीच्या स्वभावाकडे पाहिले असता हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. 'विद्यार्थ्यांनी पंधरा नमुने घेतले' या वाक्यात क्रियापद 'नमुने' या कर्माप्रमाणे चालते. तरीही 'विद्यार्थ्यांनी' हा कर्ता वाक्यात उघड उभा असतो. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (1911) या ग्रंथात प्रयोगांची जी विस्तृत चर्चा आहे, तिच्यावरून मराठीत कर्मणी रचना कर्त्यास घालवून देतेच असे नाही, हे सहज कळून येते. याउलट 'पंधरा नमुने घेण्यात आले' या, इंग्रजी शासकीय व शास्त्रीय लेखनाच्या सहवासात बळावलेल्या, रचनेत कर्ता नाहीसा होतो. नमुने विद्यार्थ्यांनी घेतले, शेतमालकाने आणून दिले, की कोणाच्या जुन्या अहवालातून उचलले, हे आता वाक्य सांगत नाही.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक वाक्यात 'आम्ही' लिहिणे नव्हे. कार्यपद्धतीच्या आरंभी कोणी, केव्हा, कोठे आणि कोणत्या साधनाने मोजमाप केले हे एकदा स्पष्टपणे सांगितले की पुढील कर्तृहीन वाक्ये निरुपद्रवी होतात. जेथे दुसऱ्याचे काम वापरले असेल तेथे मात्र कर्त्याचा उल्लेख प्रत्येक वेळी झालाच पाहिजे.

काळाचेही असेच आहे. जे केले ते भूतकाळात, जे नेहमी सत्य असते ते वर्तमानकाळात, आणि जे करावयाचे राहिले ते भविष्यकाळात, असा साधा दंडक आहे. वर्षारंभी सादर होणारी प्रकल्पाची रूपरेषा स्वाभाविकपणेच भविष्यकाळात असते : 'पाच ठिकाणी चाचणी घेतली जाईल.' हेच वाक्य अंतिम अहवालात जसेच्या तसे आढळले, तर दोनच शक्यता संभवतात. मजकूर न वाचता उतरविला गेला, अथवा चाचणी झालीच नाही. क्रियापदाचा एक प्रत्यय येथे साक्षीदाराचे काम करतो. 'जाईल'च्या जागी 'गेली' लिहिताना विद्यार्थ्याचा हात क्षणभर थबकला, तर व्याकरणाने आपले काम केले असे म्हणावे.

6. वाफसा आणि परिभाषा

या भागातील प्रकल्पांचे बोलणे मराठीत होते आणि लेखन बहुधा इंग्रजीत. शेतकरी ओलाव्याविषयी टक्केवारीत बोलत नाही. तो म्हणतो, 'वाफसा आला' किंवा 'अजून वाफसा नाही.' वाफसा म्हणजे निव्वळ ओल नव्हे. जमिनीत पाणी आणि हवा यांचा असा मेळ, की मुळांस दोन्ही मिळावीत आणि मशागत करता ढेकूळही निघू नये व चिखलही होऊ नये. मूठभर माती दाबून पाहून शेतकरी ही अवस्था ओळखतो. म्हणजे हा शब्द एका परीक्षेचे आणि तिच्या निकालाचे नाव आहे.

विद्यार्थी याचे भाषांतर 'योग्य ओलावा' या अर्थाच्या एखाद्या इंग्रजी शब्दप्रयोगाने करतो आणि त्याच क्षणी ती परीक्षा अहवालातून गळून पडते. पंपाची मर्यादा मग मनास येईल त्या संख्येवर ठरविली जाते. वस्तुतः परिभाषेच्या सूचीत 'वाफसा' हा शब्द तसाच ठेवून त्याची व्याख्या देणे, आणि शेतकऱ्याने वाफसा आहे असे सांगितले त्या वेळी त्या मातीचे भट्टीत मिळालेले प्रमाण नोंदविणे, हे खरे संशोधन ठरले असते. बोलीतील शब्द आणि यंत्रावरील संख्या यांच्यामध्ये पूल बांधण्याची संधी अहवालाच्या परिभाषासूचीत असते. आणि अनेकदा तेच पृष्ठ सर्वांत निष्काळजीपणे भरले जाते.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2021 मध्ये भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिक्षण देण्यास संमती दिली. त्यामुळे मराठीतील अहवालांचा प्रश्न आता काल्पनिक राहिलेला नाही. मराठी अहवालात दोन टोके टाळावी लागतील : सर्वपरिचित 'पंप'ला दुर्बोध संस्कृत प्रतिशब्द शोधणे हे एक, आणि संकल्पना न समजता इंग्रजी संज्ञांची देवनागरीत केवळ नक्कल करणे हे दुसरे. एका संज्ञेस एकच अर्थ आणि एका अर्थास एकच संज्ञा, हा नियम दोन्ही भाषांस सारखाच लागू आहे. ललित लेखनात पुनरुक्ती टाळण्यासाठी 'ओल', 'ओलावा', 'आर्द्रता' असे पर्याय योजणे गुणाचे ठरेल; अहवालात मात्र वाचक त्यांस तीन निराळ्या राशी समजेल.

7. बाह्य स्वरूप

बाह्य स्वरूपाचे नियमही याच दृष्टीने पाहता येतात. बांधणीच्या बाजूचा समास अधिक रुंद ठेवतात, कारण बांधल्यावर अक्षरे शिवणीत जाऊ नयेत. आरंभीच्या पृष्ठांस रोमन आणि मुख्य मजकुरास नेहमीचे अंक देतात, कारण सूची शेवटी तयार होतात आणि त्यांची लांबी बदलली तरी मुख्य पृष्ठांक ढळू नयेत. 3.2.1 अशा दशांश-क्रमांकनामुळे उपविभाग कोणाच्या पोटात आहे हे कळते. परंतु क्रमांक चौथ्या पायरीखाली उतरू लागले, तर ते विचाराच्या विस्कळीतपणाचे लक्षण समजावे. कोष्टकाचे शीर्षक वर देतात, कारण ते वरून खाली वाचले जाते. आकृतीचे खाली देतात, कारण दृष्टी आधी चित्रावर जाते. आकृती अथवा कोष्टक येण्यापूर्वी मजकुरात त्याचा निर्देश झाला पाहिजे. ज्या आकृतीचा कोठेच निर्देश नाही ती अलंकार होय. प्रत्येक राशीस एकक हवे, आणि साधनाने जेवढी सूक्ष्मता दिली तेवढेच दशांश लिहावेत. दोन अंशांनी चुकू शकणाऱ्या साधनाचे वाचन 24.873 असे लिहिणे हा संख्यांतील अतिशयोक्ती अलंकार आहे.

8. साम्य आणि साक्ष

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनी पदव्युत्तर व संशोधनपर प्रबंधांतील वाङ्मयचौर्यासाठी श्रेणी ठरविल्या : 10 टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडास पात्र नाही, आणि 60 टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होऊ शकते. अशी तपासणी आवश्यक आहे. पण तिची मर्यादाही ओळखली पाहिजे. साम्यमापक साधन शब्द जुळतात की नाही एवढेच पाहते. न घेतलेले वाचन जर नव्या शब्दांत लिहिले, तर ते निर्दोष ठरेल. उलट, प्रमाणपद्धतीचे प्रामाणिकपणे केलेले वर्णन चार जणांच्या वर्णनाशी जुळेल. साम्याची टक्केवारी हीदेखील, वर पाहिलेल्या 62 टक्क्यांप्रमाणे, आधार विचारूनच वाचावयाची संख्या आहे.

शब्दांमागे काम आहे की नाही, हे रचनाच दाखवू शकते. अंशांकनाच्या उपशीर्षकाखाली तारीख, नमुन्याची खोली आणि वजने आहेत काय? भविष्यकाळाचा भूतकाळ झाला आहे काय? उपक्रमातील प्रश्नास उपसंहारात उत्तर आहे काय? परिशिष्टात मूळ वाचने आहेत काय, आणि त्यांत न जुळणारी दोन-चार वाचनेही राहू दिली आहेत काय? प्रमाणपत्रावरील स्वाक्षरी करण्यापूर्वी मार्गदर्शकाने एवढे चार प्रश्न विचारले, तर बाकीचे नियम विद्यार्थी आपोआप पाळू लागतील. मग ग्रंथालयाच्या कपाटातील तो अहवाल पुढच्या वर्षी कोणीतरी उघडील आणि आपल्या शेतात पट्ट्या रोवण्यापूर्वी मातीतील क्षार तपासून घेईल. अहवाल लिहिण्याचे प्रयोजन याहून निराळे नाही.